मळसूत्री जिना आणि बाबांची खुर्ची

घरातल्या नव्या लोखंडी जिन्याला तीन नावं होती. तो बनवणारा वेल्डर त्याला 'स्पायरल' म्हणे, मास्तरांची बायको 'गोल जिना' म्हणे, आणि ज्यांच्यासाठी तो बसवला होता ते सासरे फोनवरून त्याला 'मळसूत्र' म्हणत. मास्तरांचं मत असं, की नाव काही का असेना, जागा वाचते. मास्तर म्हणजे शिंपी. खालच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन होतं, कापडं बेतायचं टेबल होतं, आणि सरळ जिना घातला असता तर त्यातलं एक काहीतरी रस्त्यावर आलं असतं.

सासऱ्यांचा मात्र या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. "जावईबापू, मळसूत्र जितकं फिरवाल तितकं घट्ट होतं. जिन्यानं माणसाला मुकाट्यानं वर न्यावं, घिरट्या कसल्या घालायच्या?"

सासरे जन्मभर एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. निवृत्त होताना मालकांनी काय हवं ते माग म्हटलं, तर या गृहस्थांनी बसायची खुर्ची मागून घेतली. रुंद हातांची, उंच पाठीची, दोन माणसांनाही सहज न उचलवणारी. सासूबाई गेल्यावर ते आणि ती खुर्ची असे दोघंच राहत होते. मध्यंतरी दोनदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि यांना पत्ताच नाही, तेव्हापासून लेकीचा जीव टांगणीला लागला होता. किती आर्जवं केली, किती रुसवे झाले, तेव्हा कुठे स्वारी कायमची इकडे यायला तयार झाली. तीही अट घालून. "जिथं माझी खुर्ची, तिथं मी. खुर्ची वर खोलीत गेली तर राहीन, नाहीतर आल्या पावली परत."

"जाईल म्हणजे काय! मी माप घेतलंय," मास्तर म्हणाले होते. आणि ते खोटं नव्हतं. जिना चोवीस इंच, खुर्ची बावीस. शिवणीतसुद्धा मास्तर एवढं मार्जिन सोडत नसत. फक्त जिना वळतो आणि टेप सरळ असते, ही गोष्ट तेवढी ध्यानात आली नव्हती.

खुर्ची दुपारी टेम्पोतून आली. सासरे संध्याकाळच्या गाडीने यायचे होते. मास्तर वरून ओढायला, टेम्पोवाला खालून ढकलायला आणि बायको दोघांना सूचना द्यायला, अशी चढाई सुरू झाली. पहिला अर्धा फेरा झकास झाला. मग खुर्चीचा एक हात मधल्या खांबाला टेकला, दुसरा कठड्याखाली शिरला आणि खुर्ची थांबली.

"जरा उरेब घ्या!" मास्तर वरून ओरडले.

"उरेब म्हणजे?"

"अहो, तिरपी! कापड तिरपं ओढलं की सैल पडतं."

"हे कापड आहे का, मास्तर?"

तरी टेम्पोवाल्याने तिरपी केली. खुर्ची पाव फेरा फिरली, कर्रकन आवाज झाला आणि ती अशी बसली की जणू जिन्याबरोबरच घडवली असावी. पाठ वरच्या पायऱ्यांकडे, तोंड खालच्या दाराकडे, बैठक अगदी सपाट. हातावर कपबशी ठेवली असती तर चहाचा थेंब सांडला नसता. पण ती ना वर जाई, ना खाली येई.

"माझं भाडं दारापर्यंतचं होतं," असं म्हणून टेम्पोवाल्याने घाम पुसला आणि पाय काढता घेतला.

आता परिस्थिती अशी होती, की बायको खाली, खुर्ची मध्ये आणि घराचे कर्ते पुरुष वर. वेल्डरला फोन लावला, तर तो म्हणाला, "कटर घेऊन सकाळी येतो. तोवर काही फिरवू नका."

"सकाळी?" बायकोचा आवाज चढला. "बाबा तासाभरात येतील! खुर्ची अशी लटकलेली बघितली की पिशवीसुद्धा खाली ठेवणार नाहीत. किती मिनतवाऱ्या करून आणतेय मी त्यांना. आणि तुम्ही म्हणे माप घेतलंय!"

तिचे डोळे भरून आले होते. ते पाहून मास्तर खरोखरच ओशाळले. बायको रागावली तर त्यांना सवय होती, रडायला लागली की त्यांना काही सुचत नसे. आणि काही सुचत नसताना माणसाला जे सुचतं, तेच त्यांना सुचलं.

"हे बघ, खुर्चीवर चादर टाक. बाबांना सांगू, खुर्ची पॉलिशला दिलीय, उद्या येतेय. सकाळी वेल्डर कठडा कापेल, खुर्ची वर जाईल. कुणाला कळणार नाही."

"आणि तुम्ही कुठे आहात म्हणून सांगू?"

"मी येतो ना खाली. खुर्चीखालून."

बायकोने खुर्चीखालच्या फटीकडे बघितलं, मग मास्तरांच्या पोटाकडे बघितलं. "मांजर जाईल," ती म्हणाली.

पण मास्तर पोटावर आडवे होऊन डोकं पुढे करून घसरायला लागलेही. डोकं गेलं, खांदे गेले, हात गेले, आणि पोटाशी येऊन काम थांबलं. गावभरच्या कमरा मोजणाऱ्या मास्तरांनी स्वतःची कंबर गेल्या कित्येक वर्षांत मोजली नव्हती. मागे जावं तर सदरा खुर्चीच्या पायात अडकलेला. तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली.

"आले!" बायकोने पटकन खुर्चीवर चादर टाकली. तिच्याखाली नवराही झाकला गेला, ते एका अर्थी बरंच झालं.

सासऱ्यांनी दारातूनच घराची पाहणी केली. "खुर्ची?"

"पॉलिशला दिलीय, बाबा."

"जावईबापू?"

"तेही..." बायको अडखळली. "तेही तिकडेच गेलेत."

सासरे चादरीकडे बघत उभे राहिले. पहारेकऱ्याची नजर ती. चादरीखालून खुर्चीच्या हाताचं गुळगुळीत टोक बाहेर आलं होतं. ते टोक त्यांच्याच तळहाताने गुळगुळीत केलेलं. ते संथपणे जिना चढले, बैठकीवरची चादर पुढे सारली आणि खुर्चीत बसले. चादरीचा सगळा बोंगा मास्तरांच्या डोक्यावर आला, आणि त्यावर सासऱ्यांनी पाय ठेवले.

"पायाखाली उशीही ठेवलीस होय गं? छान मऊ आहे."

बायकोने तोंडाला पदर लावला. सासरे मात्र इकडेतिकडे बघत होते. इथून दार दिसत होतं, रस्ता दिसत होता, स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता, शिलाई मशीन दिसत होतं. वर मान केली की खोलीचा दरवाजाही दिसत होता.

"खरं सांगू का, पोरी," ते हळूच म्हणाले, "येताना गाडीत दोनदा वाटलं, परत फिरावं. तू फोनवर सांगितलंस ना, वरची खोली शांत आहे, खिडकीबाहेर झाड आहे. झाड कुठं येतं-जातं? वर गेलो की मी एकटाच पडणार, असं वाटलं. मला खोली नको होती गं. मला फाटक हवं होतं. हे जावयाला कसं कळलं कोण जाणे. माणूस दिसतो तसा बावळट नाही."

उशी जराशी हलली. "बाबा," ती म्हणाली.

सासरे दचकले नाहीत. जन्माची सवय, ती कुठे जाणार? "कोण आहे? आत जायचंय की बाहेर?"

"जिकडे जमेल तिकडे," मास्तर कळवळून म्हणाले.

मग एकच धांदल उडाली. सासऱ्यांनी पाय उचलले, बायकोने नवऱ्याचे हात धरले, सासरे सगळं वजन टाकून मागे रेलले, खुर्चीचा पुढचा भाग बोटभर उचलला गेला आणि मास्तर सदऱ्याची बटणं मागे ठेवून खाली आले. आल्या आल्या त्यांनी सासऱ्यांच्या पाया पडायचं ठरवलं, पण पायांची भेट नुकतीच झाली होती, म्हणून नुसता नमस्कार केला.

सकाळी वेल्डर कटर घेऊन आला. "कुठून कापू?"

"खुर्चीला हात लावायचा नाही," सासरे वरून म्हणाले. "जरा डुगडुगतेय, ती बोल्टनं आवळून टाका. आणि बाहेरच्या बाजूनं एक माणूस जाईल एवढी पायरी वाढवा. तिथं छोटं फाटक. कडी माझ्या बाजूला."

दुपारपर्यंत फाटक झालं. संध्याकाळी मास्तर वरून कापडाचा तागा घेऊन उतरू लागले, तर कडी लागलेली.

"काय नेताय?"

"कापड, बाबा. माझंच."

"सगळे असंच म्हणतात. हात वर करा."

आयुष्यभर दुसऱ्यांना हात वर करायला लावणारे मास्तर ताग्यासकट हात वर करून उभे राहिले. खाली बायको भाजी चिरता चिरता खुदकन हसली. तिला असं हसताना मास्तरांनी फार दिवसांनी ऐकलं. सासऱ्यांनी रीतसर दोन्ही बगला चाचपल्या, खिसे चाचपले आणि मग पोटावर येऊन त्यांचा हात थांबला.

"हे काय दडवलंय?"

"पोट आहे, बाबा."

"काल माझ्या खुर्चीखाली होतं तेच?"

"तेच."

"मग जाऊ द्या," म्हणून सासऱ्यांनी कडी काढली.