कपाटाची खालची बाजू

हृदयात स्टेंट बसवून झाल्यावर डॉक्टर हत्तीला म्हणाले, "काम सुरू करा, पण बेताने." त्यातलं "काम सुरू करा" एवढंच हत्तीला ऐकू आलं. (स्टेंट हृदयात बसवला होता, कानात नव्हे, पण असो.)

हत्ती म्हणजे सामान हलवणाऱ्या टोळीतला सगळ्यात दांडगा गडी. जिन्याने कपाट चढवताना खालची बाजू कायम त्याची, कारण सगळं वजन तिथेच येतं. वरच्याने नुसतं धरायचं, उलट्या पावलांनी चढायचं आणि "डावीकडे घे, डावीकडे" करून ओरडायचं.

पहिल्याच दिवशी मुकादमाने बजावलं, "आज वरची बाजू धर. धाप लागली, तर उद्यापासून ट्रकपाशी राखणीला बसायचं."

राखणीला! हत्तीचं तोंड एवढंसं झालं. मुकाट्याने त्याने वरची बाजू धरली. खाली त्याचा मेहुणा.

पहिल्याच वळणावर मेहुण्याच्या कमरेत उसण भरली. तेवढ्यात हत्तीची बायको घरी विसरलेली गोळी घेऊन जिन्यात आली. कपाट अडकलं तर नवऱ्याची नोकरी अडकणार, हे तिने बघताक्षणी ओळखलं. भावाला कोपराने बाजूला सारलं आणि कपाटाखाली खांदा दिला.

हत्तीला यातलं काही दिसलं नाही. मध्ये कपाट! त्याला एवढंच कळलं, की कपाट आता सरसर चढतंय.

"बघितलंस मेहुण्या? इंजिन नवं बसवलंय!"

खालून नुसता हुंकार.

"आणि तुझी बहीण मला पाण्याचा तांब्या उचलू देत नाही. तिला काय ठाऊक ओझं म्हणजे काय!"

कपाटाने खालून असा दणका दिला, की हत्ती दोन पायऱ्या एकदम चढला.

"अरे हळू! राग आला होय? खरं तेच सांगतोय. बाईच्या अंगात कसला जोर? सगळा जिभेत!"

पुढचा अख्खा मजला हत्ती चढला म्हणण्यापेक्षा ढकलला गेला.

कपाट भिंतीला लागलं. मेहुण्याची पाठ थोपटायला हत्ती वळसा घालून आला, तर समोर बायको. एका हाताने घाम पुसतेय, दुसऱ्या हातात गोळी.

"आधी ही गिळा."

"तू? आणि तुझा भाऊ?"

"तो खाली बसलाय. राखणीला."

तेवढ्यात मुकादम वर पोचला. (रिकाम्या हाताने, तरी धापा टाकत.) "वहिनी, उद्यापासून खालची बाजू तुमची!"

हत्तीच्या पोटात गोळा आला. (गोळी अजून घशातच होती.) "अहो मुकादम, आणि मी? लागली का मला धाप? सांगा ना!"

"नाही लागली बाबा. तुलाही ठेवतो. वर उभं राहून ओरडायला कुणीतरी हवंच की. जमेल ना रोज?"

हत्ती तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "न जमायला काय झालं? घरी दुसरं काय करतात?"