भागून दाखवा!

खंडूभाऊला कुणी रामराम घातला, तर तो उलट रामराम घालत नसे. "नव्व्याण्णव हजार नऊशे एक्याण्णव," तो म्हणे. "भागून दाखवा!"

अमरावतीच्या कापूसबाजारात तो मापारी होता आणि मी बांधलेल्या कापसाच्या गठाणींवर रंगाने खुणा काढायचो. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, त्यामुळे इकडे आमच्या कापसाला कोण भाव! गाड्यांची रांग पार गावाबाहेर जाई. अशा घाईत हा गृहस्थ काटा सोडून गाडीवानाला अडवी. "अकरानं भागून पाह्यलं? तेरानं? अरे, मी तीनशे तेरापर्यंत सारं करून बसलो. एकाचाबी भाग जात नाई."

"त्यापुढचा एखादा जात असेल की," मी एकदा म्हणालो.

"कसा जाईन? वरचा गेला, त त्याचा गुणाकारातला जोडीदार खालचाच असन ना! तो मले सापडला नसता का?"

एक दिवस गोऱ्या साहेबाबरोबर पुण्याकडचा नवा कारकून आला. खंडूभाऊने त्यालाही आकडा दिला. कारकुनाने डोळे मिटले, ओठ हलवले आणि जाहीर केले, "सतराने जातो."

सारा बाजार हसला. खंडूभाऊ काट्यावरून उठला. "नाई जात."

"खंडू, कबूल कर अन् कामाले लाग," आमचे मालक शेटजी ओरडले. "गाड्या खोळंबल्या. नाईतर घरी जाय."

"घरी जातो. पण सतरा कबूल नाई करत."

माझ्या हातातला कुंचला हिसकून त्याने कोऱ्या गठाणीवर भागाकार मांडला. "पाच हजार आठशे एक्याऐंशी वेळा सतरा घ्या, चौदा उरतात. अजून एकदा घ्या, तीन कमी पडतात. मोजा, पंत!"

पंतांनी दोनदा ताडून पाहिले आणि उगाच पगडी नीट केली. तरी गठाण रंगवली म्हणून शेटजींनी खंडूभाऊला आठ दिवस काट्यावरून उतरवलेच. तो छाती काढून निघाला. जाताजाता फाटकावरच्या शिपायालाही आकडा देऊन गेला.

चौथ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेलो, तर हा स्वतः ओसरी सारवत बसलेला.

"माय येऊन राहिली अकोल्याहून," मान वर न करता तो म्हणाला. "धाकट्याचे सहा महिने सरले."

मला काही कळेना. मग त्याने सांगितले. कापूस चढला तशी धाकट्या भावाने वाटणी मागितली. वावर वाटले, बैल वाटले, विहिरीचे पाणी दिवसाआड वाटले. शेवटी पंचांनी आईचेही सहा-सहा महिने केले.

"मी नको म्हणलं. कोणी आयकलं नाई," तो म्हणाला. "त्याच पावसाळ्यात पाटी घेऊन आकडा शोधाले बसलो."

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. म्हातारीला त्याने लहान पोरीसारखे उचलून खाली घेतले. तिने ओल्या ओसरीकडे पाहिले, गाठोडे पोटाशी धरले आणि भीतभीत विचारले, "हे आता कोनाचं घर हाय, बापा?"

"तुयं, माय," खंडूभाऊ म्हणाला.