भोईरबाबांची हरकत

भोईरबाबांनी मला भिवंडीत पोटाला लावलं, हे आधी सांगतो. माझी नोकरी त्यांच्यामुळेच जायची वेळ आली होती, ते नंतर. उपकार आधी बोलावा, तक्रार मागून, असं आमची आई म्हणते.

बाबा पंचायत समितीचे मेंबर. गाव वज्रेश्वरीच्या पलीकडे. समितीत गाडी घ्यायचा विषय निघाला की त्यांची अट एकच, गाडी आधी आवारात आणा. गाडी आली की बाकीचे मेंबर बॉनेट उघडून बघायचे, हॉर्न वाजवायचे. बाबा मात्र देवळात शिरावं तशा चपला खाली काढायचे, मागून आत चढायचे आणि दोन बाकड्यांच्या मध्ये सरळ उताणे पडायचे. टोपी छातीवर.

नवी जीप दाखवायला आणली तेव्हा त्यांचे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबत होते. गाडी विकणारा हौसेनं म्हणाला, “चाचा, पसंद आयी?”

“पसंद हाय,” आतून आवाज आला, “पन पाय भाईर हायत.”

सगळं आवार हसलं. मला हसू येईना. मी परभणीकडचा, सातवीतून शाळा सुटलेला. दाजींच्या ओळखीनं कापडाच्या लूमवर लागलो, पण कापसाच्या तुसानं खोकला धरला. मग एका ट्रकवाल्याकडं गाडी शिकलो. बाबांनीच मला पंचायत समितीच्या साहेबांपुढं उभं केलं. “ठेवा याला. हॉर्न कमी वाजवतो.” एवढ्या शिफारशीवर मी हंगामी ड्रायव्हर झालो. आता जुनी जीप मोडीत निघाली होती. नवी आली तर मी राहणार, नाहीतर परत लूम आणि तोच खोकला.

सभेच्या दिवशी मी दाराशी उभा होतो. सभापती म्हणाले, “आठवडे बाजाराच्या परवान्याची फी थोडी वाढवू, त्यातून जीप घेऊ.”

बाबा उठले. “पाटी घेऊन बसनाऱ्या बायांची फी वारवायची, आनि त्या पैशात सायबाची जीप? घ्या. पन उद्या त्यातली एक बाई आजारी परली, त ती आरवी निजून मावंल का तुमच्या जीपमदी?”

“बाबा, गाडी साहेबांना बसायला आहे.”

“सायेब आपल्या पायान चालतो. चालता येत न्हाय, त्याचा बोला.”

एक मेंबर ओरडला, “बाबांना पलंग पाहिजे! लिहा, पलंगाला चाकं लावून द्या!”

“लिवा, तसाच लिवा,” बाबासुद्धा हसले. मेंबर दोन्हीकडे सारखे होते, सगळं बाबांच्या एका हातावर अडलं. विषय पुढच्या सभेवर गेला.

संध्याकाळी मी एस.टी. स्टँडवर त्यांना गाठलं. वाड्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. म्हटलं, “बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी गावाला कोणतं तोंड दाखवू?”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “माज्या मानसाला, मंजी बायकोला, अशाच जीपमदून आनली व्हती. जुन्या सायबान जीप दिली, देवमानूस. बालतपनात अरली व्हती. दोगांच्या मदी बसवली. सारखी सांगं, मना जरा आरवी करा. कुठं करनार? मी आपला म्हनं, आली भिवंडी, आली. अंबाडी नाका गेला, मंग ती काय बोललीच न्हाय.”

गाडी लागली. चढता चढता वळून त्यांनी विचारलं, “तुझी आय हाय ना रं?”

“आहे.”

“बरा हाय.”

पुढच्या सभेत बाबांनी जीपच्या बाजूनं हात वर केला. कारण विचारलं तर म्हणाले, “म्हातारा झालो. पाय आखडून घेईन.” पुन्हा हशा. फी वाढली, जीप आली, मी राहिलो.

त्यानंतर बाबा बाजारात दिसले की मिरचीवाल्या बाया त्यांना सोडत नाहीत. “बाबा, आमच्या पैशाची जीप भारी पलते हां! तुमी कवा बसता?” ज्या बायांसाठी ते भांडले, त्याच आता त्यांना सायबाचा मानूस म्हणतात. एकदा मी गाडीतून उतरून सांगायला गेलो की बाबांनी हात वर केला तो माझ्यासाठी. त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. “गप ऱ्हा. त्यांचा खरा हाय. फी त त्याच भरतात. तू जा, सायेब खोलंबलं.” आणि एकटेच माळवं घ्यायला वाकले. एकट्याचं ते माळवं किती, एका मुठीत मावलं.

मी जीव मुठीत धरून नोकरी करणारा माणूस, मोठं बोलायची सवय नाही. पण एक ठरवलंय. कधीतरी माझी स्वतःची गाडी करीन, बाकडी काढलेली, लांब. ती वज्रेश्वरीच्या पलीकडे बाबांच्या गावात उभी राहील. गावातल्या आजारी माणसाकडून भाडं घेणार नाही, परवान्याची फी माझी मी भरीन. बाबा, कधी ते आज सांगता येत नाही. पण फेडीन.