गोपाळरावांचा लिंबू-उपचार

मनीषनगरातल्या गोपाळरावांनी अंगणात यंदा सिमेंटचं टाकं बांधलं ते कमळासाठी. त्यात मासे सोडले ते त्यांच्या बायकोनं, अश्लेषाताईंनी. मे महिन्यात कमळाची पानं पिवळी पडली आणि मासे मात्र मजेत! हे गोपाळरावांना फार लागलं.

एका व्हिडिओत कारण सापडलं. नव्या सिमेंटमधल्या चुन्यानं पाण्याचा पीएच चढतो आणि पानं पिवळी पडतात. त्यांनी तपासायची पट्टी बुडवली, ती निळीशार झाली. अश्लेषाताई भाजीला गेल्या होत्या. गोपाळरावांनी फ्रिजमधली सगळी लिंबं टाक्यात पिळली. (हा उपाय व्हिडिओत नव्हता. व्हिडिओ त्यांनी अर्धाच पाहिला होता.)

पट्टी नारिंगी झाली आणि मासे तिरपे पोहू लागले.

"जास्तच झालं वाटते," म्हणत त्यांनी खायच्या सोड्याचा डबा उपडा केला. टाकं फसफसलं. मासे वर येऊन आ वासू लागले. कुंपणावरून शेजारचे भैयाजी डोकावले.

"काय करून राहिले गा, गोपाळराव?"

"पाणी सुधरवून राहिलो!"

"मासे काहीतरी बोलून राहिले तुमाले. चांगलं नसन."

तेवढ्यात फाटक वाजलं.

"अहो! काय टाकलं पाण्यात?" अश्लेषाताई ओरडल्या.

"निंबू."

"अन्?"

"सोडा."

भाजीची पिशवी तिथेच पडली. "माशायले असा झटका सोसते का? पाणी हळूहळू बदलावं लागते!"

नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन. मग क्लोरीन उडून गेलेलं कालचं पाणी कुठलं? कूलरच्या टाकीतलं! ताईंनी तिच्यातला पंप काढला, मासे बादलीत घेतले, त्यात कूलरचं पाणी थोडं थोडं मिसळलं आणि मग त्यांना कूलरच्याच टाकीत सोडलं. संध्याकाळपर्यंत मासे सरळ पोहू लागले.

कूलर अर्थातच बंद. टाकं ताळ्यावर येईपर्यंत नागपूरच्या मे महिन्यात गोपाळराव बनियनवर, हातात वर्तमानपत्राचा पंखा.

दुसऱ्या दिवशी चौकशीला आलेल्या भैयाजींना त्यांची दया आली. "वहिनी, माशायची एवढी काळजी, अन् गोपाळरावायची?"

"मासे नाजूक असतात, भाऊजी," अश्लेषाताई म्हणाल्या. "पाण्यात जरा फरक पडला की मरतात. अन् हे! लग्नापासून माझ्या हातचा चहा पिऊन राहिले. काही झालं का यायले?"

लग्नानंतर बायकोनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपलं कौतुक केलं असं वाटून गोपाळरावांनी घाम पुसला आणि मान डोलावली.