गरजूंची पूर्वतयारी

सेवेला दोन पक्ष लागतात: एक करणारा आणि एक करून घेणारा. करणाऱ्याचं कौतुक होतं, फोटो निघतात, टाळ्या पडतात. करून घेणाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. वास्तविक अवघड काम त्याचं. करणारा आठवड्यात आटोपून घरी जातो. करून घेणाऱ्याला वर्षभर गरजू राहावं लागतं.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या गल्लीत म्हाताऱ्यांसाठी एक दुपार केंद्र आहे, त्याचा मी मानद चिटणीस. (मानद म्हणजे चहा आपला आपण करून प्यायचा आणि कपही आपणच विसळायचा.) दर उन्हाळ्यात दूरच्या गावातल्या चर्चचं तरुण मंडळ सेवादौऱ्यावर शहरात येतं आणि आठवडाभर आमच्या सभागृहात गाद्या टाकून राहतं. पोरं गुणी आहेत. सकाळी प्रार्थना करतात, गाणी म्हणतात, जेवल्यावर ताटं घासतात आणि दिवसभर आमची भिंत रंगवतात.

भिंत एकच आहे. पहिल्या वर्षी ती खरोखरच खराब होती, हे मी केंद्राच्या वतीने अभिमानाने नमूद करतो. पुढे मात्र तिला रंगाची गरज अशी कधी पडली नाही. ती गरज आम्हालाच पाडावी लागली. थरावर थर चढत गेले आणि खोली दरसाल थोडी लहान होत गेली. भिंतीतल्या कपाटाचं दार रंगाखाली कायमचं बंद झालं. आत बुद्धिबळातला काळा राजा राहिला. तेव्हापासून त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाची बाटली खेळते, आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळे खेळात जरा जान आली.

पाहुण्यांना काम कमी पडू नये म्हणून आमची एक गरज उपसमिती आहे. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे शिस्त कडक. बस यायच्या आधी खुर्च्यांचे पाय सैल करणे, नळ गळता करणे, खिडकीची कडी काढून सुरक्षित जागी ठेवणे ही कामं वाटून दिली जातात. सभासदांनाही सूचना असतात. ज्यांना जिना चढता येतो त्यांनी आठवडाभर तो चढू नये. पैलवानकाकांनी (रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारतात) काठी वापरावी आणि ती फिरवू नये.

"मी मुळात आजारी दिसतच नाही हो," काका दरवर्षी कुरकुरतात.

"मग निदान काळजीत दिसा," बाई म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. लोकरआजींसाठी, दुसरं काय! आजी एकट्या राहतात. एरवी केंद्रात येतात, विणतात, "बरंय" म्हणतात आणि जातात. त्या आठवड्यात मात्र मंडळातली एक झिपरी पोरगी ब्रश घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहते, आणि आजी तिला बालपणापासून सगळं सांगायला घेतात. भिंत संपते, आजी संपत नाहीत. म्हणून मग पुढच्या वर्षी पुन्हा भिंत. (उरलेल्या आम्हा सर्वांची गोष्ट याहून वेगळी नाही, पण ठरावात तसं लिहिता येत नाही.)

यंदा घात झाला. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. धंद्याने सुतार, स्वभावाने देवमाणूस. अशा माणसांपासून संस्थांनी फार जपून राहावं. आमची दशा त्यांना बघवेना. सुट्टीचा दिवस गाठून त्यांनी बाईंकडून किल्ली घेतली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही येऊन बघतो तर खुर्च्या ठणठणीत, नळ गप्प, खिडकीला नवी कडी! भिंत मूळ गिलाव्यापर्यंत खरवडून झकास रंगवलेली. कपाट उघडं. टेबलावर काळा राजा, आणि बाजूला निवृत्त झाल्यासारखी बाटली.

"कसं वाटलं?" सुतारांनी हसत विचारलं.

बाई खुर्चीत बसल्या. खुर्ची डुगडुगली नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मंडळाच्या दादाचा फोन. हा दादा पोरांचा म्होरक्या. मनाने चांगला, पण रिकाम्या हातांची त्याला फार धास्ती. "उद्या निघतोय. काम आहे ना? नसेल तर मोकळेपणाने सांगा, नदीपलीकडच्या केंद्रात छप्पर गळतंय म्हणे."

"छप्पर!" बाई ताडकन उठल्या. "अहो, आमच्याकडे काय गळत नाही ते विचारा!"

फोन ठेवताच मोडतोडीला सुरुवात झाली. पण सुताराचं काम म्हणजे काम. पैलवानकाका खुर्चीवर तीनदा उडी मारून चढले. खुर्चीने हूं की चूं केलं नाही. जिना न चढणारे सभासद खिडकीला लोंबकळले. सुतार बिचारे कोपऱ्यात उभे. एका डोळ्याने आमच्यासाठी वाईट वाटून घेत होते आणि दुसऱ्याने खुर्चीकडे कौतुकाने बघत होते. "सागाची आहे हो," ते पुटपुटले. शेवटी सगळे घामाघूम होऊन त्याच खुर्च्यांवर बसलो. वस्तू एकही मोडली नाही. लोकरआजी मात्र "बरंय" म्हणून लवकर घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी बस आली. दादाने सभागृहभर नजर फिरवली, नळ सोडून बघितला, खिडकी उघडली, लावली. "वा, सगळं छानच आहे की," तो पडेल आवाजात म्हणाला. "मग आम्ही..."

"बाळ, इकडे ये गं जरा," लोकरआजी म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर निळा स्वेटर होता, थंडीभर खपून विणलेला, कालपर्यंत पूर्ण. आता अर्धा उसवून लोकरीचा नुसता गुंता झाला होता. "बघ ना, कसा सुटलाय मेला. माझ्याच्यानं एकटीनं होणार नाही."

झिपरी सामान दारातच टाकून समोर बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

मग काय, झुंबड उडाली. काकांचा रेडिओ वाजेना. बाईंच्या फोनमधली अक्षरं एकाएकी बारीक झाली. आत्ता होती ती कानटोपी कुणाला दिसेना. घरून उसवलेली बटणं मुठीत घेऊन लोक रांगेत उभे राहिले. चिटणीस या नात्याने मी रांग सांभाळली. (माझ्या चष्म्याचा स्क्रूही त्याच सुमारास कसा कोण जाणे पडला.) सुतारांना केंद्राचं सभासदत्व देण्यात आलं, अट एकच, पाना-पेचकस घरी ठेवून यायचं.

आठवडाभर मंडळाने काहीही उभारलं नाही, रंगवलं नाही. नुसती बसून होती पोरं. फोटो काय पाठवायचे या चिंतेने दादाच्या नाकी नऊ आले. प्रत्येक फोटोत दोन माणसं बसलेली, आणि एकजण बोलतोय.

निरोपाच्या दिवशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या उंच पोरीला मी हळूच विचारलं, "काय बिघाड होता गं?"

"प्लग काढलेला होता," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी दिसला मला."

"मग आठवडाभर काय करत होतीस?"

"बिघाड शोधत होते," ती म्हणाली, आणि बसमध्ये चढली.

स्वेटर अजून अर्धाच आहे. आजी म्हणतात, राहू दे तसाच, पुढच्या उन्हाळ्यात बघू.

आता तुम्ही मनातल्या मनात हसत असाल, की काय ही म्हातारी माणसं आणि काय त्यांची सोंगं. हसा, खुशाल हसा. फक्त परवा तुमच्या आईचा फोन आला होता ना, टीव्हीचा रिमोट चालत नाहीये, सवडीने येऊन बघून जा म्हणून? आणि तुम्ही घाईत सांगितलंत, सेल बदलून बघ म्हणून?

तो रिमोट चालतो.