झोपाळ्यालाही पट्टा

गाडी उलटी. चाकं आभाळाकडे, त्यातलं एक अजून फिरतंय. आत जयंता, आणि त्याचा आवाज नाही. माझा भाऊ नाना वाळूची बादली घेऊन पळतोय आणि ओरडतोय, "बिड्या विझवा रे! बठ्ठा दूर व्हा, सगळेच्या सगळे!"

लोक आधी हसले. नाना ओरडला की हसायचं, ही सवयच पडली होती.

हसतील नाही तर काय? जळगावातल्या आमच्या घरात झोपाळ्यालाही गाडीसारखा पट्टा आहे. पाहुणा टेकला की नाना तो आवळतो. "आधी पट्टा, मग गप्पा. जीव एकच शे." माझे व्याही बांधलेल्या अवस्थेत चहा प्यायले. पुन्हा आले नाहीत.

नानाने लग्न केलं नाही. नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, तेव्हा घरात एक ताट होतं आणि अंगणात एक गाडी. छप्पर नसलेली, दोन माणसांची, आमच्या आईच्या वयाची. तशीच दुसरी जयंताकडे. दोघं शाळेपासूनचे दोस्त. हिवाळ्यात धुळ्याकडे एका शेटच्या माळावर ही मंडळी शर्यत लावतात. गाड्या म्हाताऱ्या, पळवणारे त्याहून म्हातारे. मला नायलॉनची साडी नेसून तिथे जायची बंदी. "पेटली तर अंगाला चिकटते, अक्का."

पहिल्या वर्षी वळणावर यांनी कापसाच्या गाठी रचल्या. कापूस मऊ असतो म्हणे! जिनिंगच्या गावात जन्म गेला आणि प्रेसमधली गाठ दगडासारखी असते, हे एकालाही आठवलं नाही. जयंताचे पुढचे दोन दात त्या गाठीत राहिले. मग नानाने रावेरकडून केळीचे खांब आणले. घड उतरल्यावर शेतकरी ते फेकूनच देतो. आत सगळं पाणी. गाडी आदळली की पचकन आवाज होतो आणि माणूस चिकाने माखून बाहेर येतो, पण येतो.

खरं भांडण झालं ते कमानीवरून. बैठकीच्या मागे लोखंडी कमान बसवली, की गाडी उलटली तरी डोकं जमिनीला लागत नाही. नानाच्या गाडीला होती. जयंता म्हणायचा, "नान्या, जुन्या गाडीची शोभा जाते. तू तिचा पाळणा करशील."

"शोभा तुझ्या फोटोला हार घातल्यावर बघू."

यंदा नानाने शेटला सांगून टाकलं, कमान नाही तर शर्यत नाही. जयंता रुसला. आता कुठून आणू, म्हणाला. शर्यतीच्या सकाळी नाना टेम्पोतून कमान घेऊन हजर. "शिल्लक पडली होती," म्हणाला आणि स्वतः पाना फिरवून बसवली. पट्टाही आवळला. जयंता शिव्या देत होता. नाना स्वतः शर्यतीत उतरला नाही. म्हणे, गुडघा दुखतो.

तिसऱ्या फेरीला जयंताची गाडी खांबांवर चढली आणि पालथी झाली.

नानाने सांडलेल्या पेट्रोलवर वाळू ओतली. मग मातीत पालथा पडून हात आत घातला. ओरडणारा माणूस, पण आवाज इतका बारीक आला, की मला जवळ जावं लागलं. "जयंता. बोल ना रे. शिव्या दे."

आता कोणी हसत नव्हतं.

"नान्या... पट्टा सोड. पोट कापतोय."

"आधी मान सांग. दुखते का?"

"तुझ्या बापाची मान!"

नानाने डोळे पुसले. वाळू गेली म्हणे.

दुसऱ्या दिवशी मला गाडीवर पापड वाळत घालायचे होते. नानाच्या गाडीवरची ताडपत्री काढली. बैठकीच्या मागे कमान नव्हती. नुसती बोल्टांची चार भोकं. नाना झोपाळ्यावर पेपर वाचत होता. मी भोकांवर फडकं टाकलं आणि पापड घातले.

जयंताचं एक बोट मोडलं. बाकी जयंता जिवंत आहे.