मागचे ब्रेक आणि माझा दुखवटा

ड्रम ब्रेक उघडण्यात अवघड काहीही नाही. एक गोल डबा, आत दोन वाकड्या पट्ट्या, म्हणजे ब्रेक शू, आणि चार स्प्रिंगा. ज्याला कॉफीचा डबा उघडता येतो त्याला ब्रेक उघडता येतो. असं मी गुरुवारी जेवताना बायकोला, म्हणजे मार्लिसला, ठणकावून सांगितलं. आज हेच वाक्य आमच्या नॉर्बी गावातली माणसं मला रस्त्यात थांबवून म्हणून दाखवतात.

खरं तर प्रश्न ब्रेकचा नव्हता, ब्रिटाचा होता. आमची एकुलती एक पोर. तिला दूर डुलूथ शहरातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती आणि शनिवारी सकाळी ती आमची जुनी पिकअप घेऊन निघणार होती, कायमची. डुलूथचे रस्ते सरळ तळ्यात उतरतात, मध्ये ब्रेकचाच काय तो आधार. आणि आमची पिकअप ब्रेक दाबला की मागून डुक्कर धरल्यासारखी किंचाळायची. तीन दिवस मला अन्न गोड लागत नव्हतं.

"ऑर्व्हिलकडे ने गाडी," मार्लिस म्हणाली. ऑर्व्हिल आमच्या गावचा मेकॅनिक.

"पोरीचे ब्रेक बापानं करायचे असतात."

"बापाला येत असतील तर."

आवाज नक्की कुठल्या चाकातून येतो ते कळल्याशिवाय हात घालायचा नाही, एवढं शास्त्र मला ठाऊक होतं. म्हणून शुक्रवारी सकाळी मार्लिसला गाडी चालवायला बसवलं आणि मी मागच्या हौद्यात आडवा झालो, कान पत्र्याला लावून. ऑक्टोबरचं वारं झोंबत होतं, म्हणून आईची गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. बूट तेवढे बाहेर राहिले. मार्लिसनं चर्चपाशी ब्रेक लावला, बँकेपाशी लावला, दवाखान्यापाशी लावला. पोरगी उद्या जाणार म्हणून ती सारखी डोळे पुसत होती, हे मला नंतर कळलं. मी आपला गोधडीखाली ऐकत होतो. आवाज दोन्ही चाकांतून येत होता.

आता ड्रम ब्रेकचा एक नियम आहे, आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे जोडताना दुसरीकडे बघून जोडता येतं. मला घाई होती. मी दोन्ही उघडल्या!

दहा मिनिटांत गॅरेजच्या फरशीवर चार शू आणि स्प्रिंगांचा ढीग झाला. एक स्प्रिंग उडून काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे गेली. दोन शूंवरचं लायनर, म्हणजे वरची घासपट्टी, आखूड, उरलेल्या दोहोंवरचं लांब. आखूड पुढे की मागे? की एका चाकाला दोन्ही आखूड आणि दुसऱ्याला दोन्ही लांब? मी एकदा असं जोडून पाहिलं, एकदा तसं. दोन्ही बरोबर वाटलं, आणि भीती त्याचीच होती. डोळ्यांपुढे तो उतार, खाली तळं आणि मध्ये माझी पोर. खोटं कशाला बोलू, मला रडू येत होतं.

तेवढ्यात आर्डिस आली. चर्चच्या स्वयंपाकघरावर हिचं राज्य. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं कढत हॉटडिश, खाली खिमा, वर बटाट्याचा खरपूस थर. आमच्याकडे घरातलं कुणी गेलं की दोन तासांत हे दारात येतं. मी पिकअपखालून काळंकुट्ट तोंड बाहेर काढलं.

आर्डिसनं आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"म्हणजे तू गेला नाहीस."

"कुठे?"

"मार्लिस तुला हौद्यात घालून नेत होती. डोळे पुसत. दवाखान्यापाशी थांबली आणि लगेच पुढे गेली. आम्ही म्हटलं, आता डॉक्टर तरी काय करणार?"

"मी ब्रेक ऐकत होतो."

"बरं." तिनं भांडं बाकावर ठेवलं. "गरम आहे तोवर खा."

"अगं, पण मी जिवंत आहे."

"ते दिसतंय. केलेलं काय परत नेऊ?"

मी जिवंत आहे हे सांगायला मार्लिसनं घरोघर फोन लावले. पण ज्यांचं ओव्हनमध्ये गेलं होतं त्यांनी तरी काय करायचं? तीन वाजेपर्यंत नऊ हॉटडिश जमली. शेजारचा लोवेल तर कॉफीचा कप घेऊन गॅरेजमध्येच बसला. "चांगला माणूस होतास तू, व्हर्लिन," तो म्हणाला. "यंत्राला तेवढा हात लावायला नको होतास."

मग ऑर्व्हिल आला. हात हलवत.

"तू काही आणलं नाहीस?" मी विचारलं. एकदा मेल्यावर माणसाला मानापमान फार कळायला लागतात.

"पाने आणलेत." त्यानं खिशावर थाप मारली. "ब्रिटाचा मंगळवारीच फोन आला होता. म्हणाली, बाबा ब्रेक स्वतःच करायला घेणार, मी ओळखते त्यांना. शुक्रवारी तीनला या. आधी येऊ नका, त्यांना वाईट वाटेल."

मी सरकून त्याला चाकापाशी जागा करून दिली.

त्यानं आखूड लायनरचा शू पुढे धरला, लांब मागे. शू ज्या पत्र्यावर घासतात तो कोरडा पडून गंजला होता, म्हणून तर किंचाळत होता. तो खरवडून त्यानं बोटभर ग्रीस लावलं. बाकी सगळं ठणठणीत होतं. मला बरण्यांमागची स्प्रिंग शोधायचं काम दिलं, आणि ते मी चोख केलं.

शनिवारी ब्रिटा निघाली. मी अंगणात कान देऊन उभा होतो. कोपऱ्यावर मागचे लाल दिवे लागले, आवाज काहीच आला नाही. इतकी वर्षं त्या किंचाळण्यावरून आम्हाला कळायचं की पोर घरी आली. आता ते एकदम बंद झालं.

रविवारी भांडी परत करायची होती. प्रत्येकाच्या बुडाशी चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, त्यामुळे सुटका नव्हती. मार्लिसनं तिच्या गाडीची किल्ली दिली नाही.

"चालत जा," ती म्हणाली. "तू चालतोस हे लोकांना दिसू दे."

नऊ भांडी बागेतल्या एकचाकी ढकलगाडीत रचली आणि निघालो. चाक गावभर केकाटत होतं. घरी गेल्यावर ते उघडून स्वतः नीट करायचं, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. पण परत आलो तर ऑर्व्हिल पायरीवर कॉफी पीत बसला होता. मार्लिसनं त्याला मी कोपऱ्यावर पोचायच्या आतच फोन केला होता.